खर्ज, घुमारा आणि बेस : गिरणाकाठच्या वाद्यव्यवहारातील मंद्र स्वराचा इतिहास

भडगाव हे गिरणा नदीच्या काठचे, जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथे लग्नाची वरात निघाली म्हणजे ध्वनिक्षेपकांच्या गाडीभोवती नाचणारी तरुण मंडळी गाडीवाल्याला 'बेस वाढव' असे ओरडून सांगतात. भजनाला बसणारा पखवाजी ज्याला 'घुमारा' म्हणेल, आणि रागदारी शिकलेला मनुष्य ज्याचा 'खर्ज' या नावाने उल्लेख करील, त्याच प्रदेशातील ध्वनीविषयी ही मागणी असते. कानाला लागणारा स्वरांचा अगदी खालचा पट्टा एकच; त्याला नावे मात्र तीन. ही नावे परस्परांचे पर्याय आहेत असे वरवर पाहता वाटते, परंतु त्यांचा उपयोग बारकाईने पाहिला तर तसे म्हणता येत नाही. एका गावाच्या अभिरुचीत गेल्या शंभर वर्षांत काय पालटले, याचा माग या तीन शब्दांवरून काढता येतो. आणि त्या इतिहासाच्या मध्यभागी बेस गिटार हे वाद्य, अल्पकाळ का होईना, उभे असलेले दिसते.

'खर्ज' हा शब्द 'षड्ज' याचेच रूप होय. उत्तरेकडील उच्चारपरंपरेत 'ष' चा 'ख' होतो. 'भाषा' चे 'भाखा' आणि 'वर्षा' चे 'बरखा' ही त्याची परिचित उदाहरणे. गायकांच्या घराण्यांबरोबर 'खरज' दक्षिणेत आला व मराठीत 'खर्ज' म्हणून स्थिरावला. येथे त्याच्या अर्थाने एक वळण घेतले. मुळात तो एका स्वराचे नाव; मराठीत तो प्राधान्याने मंद्र सप्तकातील षड्जाचा व पुढे एकंदर खालच्या आवाजाचा वाचक झाला. तंबोऱ्याची चौथी तार ही 'खर्जाची तार', पहाटेची साधना ही 'खर्जाची मेहनत', आणि एखाद्याचा आवाज 'खर्जातला'. तथापि अर्थ कितीही पसरला तरी एक गोष्ट सुटली नाही : खर्ज म्हणजे स्वर, आणि स्वर म्हटला की त्याला वरच्या स्वरांशी नाते आले. खर्ज चुकू शकतो. तो उतरलेला किंवा चढलेला असू शकतो. 'बेस' विषयी असे कोणी म्हणत नाही. तो केवळ कमी किंवा जास्त असतो.

खान्देशच्या लोकसंगीतात हा खर्ज तारेवर कधीच नव्हता, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. आखाजीला झोक्यावर बसून स्त्रिया जी गाणी म्हणतात त्यांना वाद्याची अपेक्षाच नसते. गोंधळ्याच्या व तमासगिराच्या हाती जे तुणतुणे असते ते एका तारेचे खरे, पण त्याचा स्वर उंच. गाणाऱ्याच्या आवाजाच्या खाली नव्हे, तर त्याच्या वरच्या बाजूला ते टोचत राहते. सनईवाल्याचा जोडीदार सूर धरून बसतो, परंतु तोही सनईच्याच उंचीचा. मग खालचा भाग कोण भरून काढी? चामडे. संबळाच्या जोडीतील मोठे भांडे, ढोलकीची डावी बाजू, पखवाजाच्या डाव्या पुडीवर थापलेली ओली कणीक, या सर्व युक्त्या चामड्याला जड करून त्याचा आवाज खाली नेण्याच्या आहेत. ढोलकीवाला डाव्या तळव्याने पुडी दाबून जो आवाज वर सरकवितो, तो ऐकणाऱ्याला जवळजवळ गाण्यासारखा भासतो. 'घुमारा' हा शब्द याच आवाजाचा आहे. त्यात स्वराची निश्चिती नाही, पण आस आहे. आघात झाल्यावर मागे काय उरते त्याचे ते नाव आहे. पश्चिम खान्देशातील आदिवासींच्या पावरीसारखे भोपळ्याचे फुंकवाद्य काही अंशी याला अपवाद ठरेल, परंतु गिरणाकाठच्या गावांच्या नित्य व्यवहारात ते नव्हते.

स्वराचा खर्ज या मुलखात प्रथम ठळकपणे ऐकू आला असेल तो नाटकाच्या पायपेटीतून. जळगावचा आणि संगीत रंगभूमीचा संबंध जुना आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, बालपणी शिक्षणासाठी जळगावास राहिले होते व तेथेच मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांना गाण्याचे पहिले धडे मिळाले. गंधर्व मंडळीने ऑर्गनला साथीत जे मानाचे स्थान दिले, त्यामुळे गायकाच्या आवाजाखाली एक अखंड, भरीव, स्वरयुक्त पाया असावा ही कल्पना मराठी श्रोत्याच्या कानात रुजली असे मानण्यास जागा आहे. ऑर्गन पायाने चाले, दोन्ही हात मोकळे राहत, व डाव्या हाताला खालचे स्वर धरून ठेवता येत. पुढे बेस गिटारवाल्याने जे काम केले त्याचा काही भाग हा डावा हात करीत होता. फरक इतकाच की ऑर्गन गायकाच्या मागून जाई. तो ठेक्याला बांधलेला नव्हता.

या काळात पाश्चात्य वाद्यमेळ खान्देशात अगदीच अपरिचित होता असे नाही. भुसावळ हे रेल्वेचे मोठे केंद्र, आणि रेल्वेच्या वसाहतींतून इन्स्टिट्यूटमधील नृत्याचे कार्यक्रम ही नेहमीची बाब होती. भडगावाहून कजगाव किंवा पाचोरा स्थानक गाठले की भुसावळ फार लांब राहत नाही. तरीही ते संगीत वसाहतीच्या कुंपणातच राहिले. वाद्य जवळ असणे आणि ते कानात शिरणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत.

बेस गिटारचा जन्म या सर्वांपासून फार दूरचा. उभ्या डबल बासचे ओझे वाहण्याला कंटाळलेल्या वादकांसाठी अमेरिकेतील सिएटल शहरी पॉल टटमार्क याने १९३० नंतरच्या दशकात गिटारसारखे आडवे धरण्याचे एक विद्युत् वाद्य तयार केले. ते चालले नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला आणि तो टिकला. नावातील 'प्रिसिजन' म्हणजे अचूकपणा, आणि तो पडद्यांमुळे आला होता. डबल बासला पडदे नसल्याने स्वर कानाने शोधावा लागतो. येथे तो बोट ठेवताच जागेवर मिळे. चार तारा, ३४ इंच लांबी, आणि सर्वांत जाड तारेला सेकंदाला सुमारे ४१ आवर्तने, हे मान तेव्हापासून जवळजवळ तसेच आहे. १९५६ मध्ये जर्मनीतील हॉफनर कंपनीने व्हायोलिनच्या आकाराचा हलका बेस काढला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी याने तो १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे घेतला व त्यानंतर त्या आकाराचे चित्र जगभर गेले.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात खालच्या स्वरांचे काम आधी डबल बास करी. हे वादक बहुधा गोव्याचे. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले, आणि म्हणून ध्वनिमुद्रणाच्या खोलीत अपरिहार्य. १९६० नंतरच्या दशकात बेस गिटार त्यांच्याच मार्गाने आत आली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्या बेस गिटारला जे स्थान मिळाले, त्यामुळे ते वाद्य पार्श्वभूमीतून पुढे आले. गाण्याच्या चालीखाली दुसरी एक चाल चालते, हे हिंदी गाण्यात प्रथमच इतके स्पष्ट झाले.

पण भडगावच्या श्रोत्याने ती ऐकली काय? हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, आणि येथे तोच महत्त्वाचा आहे. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास नाहीशी झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाल्यावर ती गाणी परत आली. खेड्यातील माणसाला गाणे मिळाले ते या वाटेने, म्हणजे लघुलहरींच्या खरखरीतून आणि पुढे तळहाताएवढ्या ध्वनिक्षेपकाच्या ट्रान्झिस्टरमधून. इतका लहान ध्वनिक्षेपक सेकंदाला दीडशे-दोनशे आवर्तनांखालचा आवाज जवळजवळ देतच नाही. बेस गिटारच्या जाड तारांचे मूळ स्वर या मर्यादेच्या खाली आहेत. श्रोत्याच्या कानावर येत ते त्या स्वरांचे वरचे अंश. मेंदू त्यांवरून खालचा स्वर अनुमानाने जोडून घेतो. असे अनुमान शांत खोलीत साधते, चौकातल्या हॉटेलात नाही. तात्पर्य, ज्या काळाला चित्रपटातील बेसचा सुवर्णकाळ म्हटले जाते त्या काळात खान्देशच्या बहुसंख्य श्रोत्यांनी बेस प्रत्यक्षात ऐकलाच नव्हता. चित्रपटगृहाचा पडदा हाच काय तो अपवाद.

हे ज्याने ऐकले तो बहुधा वादक झाला. १९७० नंतर महाराष्ट्रात 'ऑर्केस्ट्रा' ही संस्था फोफावली. पुण्याच्या 'मेलडी मेकर्स' सारख्या मोठ्या मंडळींचे दौरे जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ लागले, आणि त्यांच्या अनुकरणाने लहान गावांतूनही गणेशोत्सव, यात्रा व सत्कारसमारंभ यांसाठी वाद्यवृंद जमू लागले. अशा वृंदात बेस गिटारवाला हा सर्वांत शेवटी मिळणारा माणूस असे. गायक पुष्कळ, ढोलकी-तबलेवाले घरचे, साधी गिटार शिकणारे महाविद्यालयात दोनचार सापडत. परंतु जे वाद्य एकट्याने वाजविले असता कोणाचे मनोरंजन होत नाही, ते पैसे खर्चून विकत कोण घेणार? म्हणूनच साध्या गिटारीवर मागे पडलेल्या वादकाच्या गळ्यात ते अनेकदा अडकविले जाई. या वाद्याविषयीचा एक अन्याय येथूनच सुरू झाला.

वाद्य मिळण्याचीही पंचाईतच होती. मुंबईस धोबीतलावाजवळ फुर्टाडो यांची १८६५ पासूनची पेढी प्रसिद्ध आहे, पण परदेशी वाद्यांवर १९९१ पूर्वी इतकी जकात असे की फेंडर किंवा हॉफनर हे नाव तालुक्याच्या वादकाने छायाचित्रातच पाहावे. त्याच्या आवाक्यात येई ती कोलकात्याची 'गिवसन' सारखी देशी वाद्ये. तारांचा प्रश्न त्याहून कठीण. १९६६ च्या सुमारास इंग्लंडमधील रोटोसाउंड कंपनीने गोल वेटोळ्याच्या तारा रूढ केल्या. त्यांचा आवाज पियानोसारखा खणखणीत. त्यापूर्वीच्या चपट्या वेटोळ्याच्या तारा मऊ व घुमणाऱ्या, आणि वर्षानुवर्षे टिकणाऱ्या. जगभर तरुण वादक गोल तारांकडे वळले. आपल्याकडे निवड अशी नव्हतीच. जी तार मिळेल ती चढवावयाची व तुटेपर्यंत उतरवावयाची नाही. गोल तार घामाने व धुळीने भरली की मंद होते, आणि मग तिचा आवाज चपट्या तारेजवळ जातो. जुन्या ऑर्केस्ट्रांच्या बेसचा जो 'ढाला', चामड्यासारखा नाद जाणकार आठवणीने सांगतात, त्यात अभिरुचीचा भाग किती आणि नवी तार न परवडण्याचा किती, हे वेगळे करता येणे कठीण आहे. मात्र तो नाद डग्ग्याला आणि ढोलकीच्या डाव्या बाजूला जवळचा होता, आणि म्हणून कानाला परका वाटला नाही, एवढे निश्चित.

स्वरांच्या नावांचा संसार तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. महाराष्ट्रातील गायक आपली पट्टी पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतो : काळी एक, काळी दोन, पांढरी पाच. अहिराणीत 'ळ' चा 'य' होत असल्याने बोलताना ती 'कायी एक' होते. या हिशेबाने पाहिले तर बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा, जाडीकडून बारकीकडे, पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन व पांढरी पाच या पट्ट्यांच्या आहेत. चारही पांढऱ्या. ज्या देशात हे वाद्य जन्मले तेथील गिटारवादक याच पट्ट्यांत सुखाने गातात-वाजवितात, आणि मोकळी तार छेडून बोटांना विसावा देतात. मराठी पुरुष गायक मात्र काळी एक किंवा काळी दोन धरून बसतो. काळी एकचा षड्ज दुसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर येतो. तेथे कोणतीही मोकळी तार षड्जाच्या किंवा पंचमाच्या उपयोगी पडत नाही. तीन तासांच्या कार्यक्रमात वादकाला प्रत्येक स्वर दाबूनच काढावा लागतो, तोही जाड तारेवर. शिवाय गायकाच्या षड्जाखाली एक सप्तक त्याला मिळते; दुसरे सप्तक वाद्यावर नसतेच. ज्याला खर्ज म्हणावयाचे तो येथे अर्धाच हाती लागतो.

आणि एवढे करून तो ऐकू कोणाला जाई? मंडपात ध्वनिवर्धक असे तो बहुधा अहुजा कंपनीचा, आणि त्याला जोडलेले कर्णे. कर्णा हा भाषणासाठी केलेला असतो. मनुष्याचा आवाज दूर फेकणे हे त्याचे काम, आणि खालचे स्वर तो गिळून टाकतो. बेससाठी वेगळी पेटी व वेगळा ध्वनिवर्धक आणणारे वृंद थोडे. रंगमंचावर उभ्या असलेल्या माणसाची बोटे हलताना दिसत आहेत आणि त्याचा आवाज कोठेच नाही, असा देखावा पुष्कळांनी पाहिला असेल. तरी सोबतचे वादक त्याच्यावाचून अस्वस्थ होत. ढोलकीची जागा आणि गाण्याची जागा यांचा सांधा तो जुळवीत असे. श्रोत्याला जे ऐकू येत नव्हते त्याचा परिणाम त्याला ऐकू येत होता.

१९८० नंतर दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि त्यांनी परस्परविरुद्ध दिशेला काम केले. एक म्हणजे कॅसेट. १९८३ मध्ये गुलशनकुमार यांनी सुपर कॅसेट्स ही कंपनी काढली, कॅसेटी स्वस्त झाल्या, आणि दोन मोठ्या ध्वनिक्षेपकांचे टेपरेकॉर्डर घराघरांत, जीपगाड्यांत, पानाच्या टपऱ्यांवर आले. खालचे स्वर खेड्यापर्यंत प्रथमच प्रत्यक्ष पोचले. 'कुर्बानी' (१९८०) व 'डिस्को डान्सर' (१९८२) यांच्या गाण्यांनी त्याच सुमारास त्या स्वरांना गाण्याच्या अग्रभागी आणले होते. लोकांना बेस आवडू लागला.

दुसरी गोष्ट म्हणजे बेस वाजविणाऱ्या माणसाची गरज संपली. जपानच्या रोलंड कंपनीने १९८१ मध्ये 'टीबी-३०३' नावाचे लहानसे यंत्र काढले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी हा त्याचा हेतू. ते अपेशी ठरले व १९८४ मध्ये बंद झाले. परंतु दरम्यान, १९८२ मध्ये, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गिटार, बेस गिटार व विद्युत् वाद्ये वाजविणारे चरणजित सिंग यांनी तेच यंत्र घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका एच. एम. व्ही. साठी केली. त्या वेळी तिची दखल कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्य समीक्षकांना तिच्यात शिकागोच्या पुढील काळातील नृत्यसंगीताची पूर्वचिन्हे दिसली. बेस वाजविणाऱ्या एका वादकानेच बेसवादकाविना चालणाऱ्या संगीताचा पहिला उत्तम नमुना घडवावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. भैरव किंवा ललत यांचा खर्ज त्या यंत्राने न थकता, न चुकता धरला आहे.

खान्देशात हे यंत्र आले नाही. आला तो 'कॅसिओ'. वनस्पती तुपाला 'डालडा' आणि छायाप्रतीला 'झेरॉक्स' म्हणावे त्याप्रमाणे कोणत्याही विद्युत् पेटीचे हे सामान्यनाम झाले, मग ती यामाहाची का असेना. त्यावर डाव्या हाताने तीन पट्ट्या दाबल्या की ठेका, स्वरसंघात आणि बेस हे तिन्ही आपोआप चालू होतात. चार माणसांचे मानधन वाचले. यात कोणाचा दोष काढता येणार नाही. ऑर्केस्ट्राची सुपारी ठरलेल्या रकमेची असते आणि ती माणशी वाटली जाते. गायकाला वगळता येत नाही, ढोलकीवाल्यावाचून लावणी उठत नाही. वगळता येण्याजोगा माणूस एकच होता. ज्याने पंधरा-वीस वर्षे काळी एकवर बोटे झिजविली, तो मागच्या रांगेत ऑक्टोपॅड वाजवू लागला किंवा दुकानात बसला.

लग्नाच्या बँडचा मार्ग थोडा निराळा. तेथे स्वरयुक्त बेस कधीच नव्हता. मोठा ढोल होता. १९१२ मध्ये जपानात निघालेले, टंकलेखनयंत्रासारख्या कळांचे 'तायशोगोतो' हे वाद्य भारतात बुलबुलतरंग झाले व महाराष्ट्रात 'बेंजो' या नावाने विद्युत् रूपात बँडमध्ये शिरले. त्याचा आवाज तीक्ष्ण, टिपेचा. एका टोकाला बेंजो, दुसऱ्या टोकाला ढोल, मधे पोकळी, अशी ही रचना. या रचनेवर वाढलेल्या कानाला मधला भाग रिकामा असणे खटकत नाही, आणि डी. जे. च्या ध्वनीची घडण नेमकी हीच आहे. अठरा इंची ध्वनिक्षेपकांच्या भिंतीतून येणारा ठोका हा ढोलाचाच वंशज; बेस गिटारचा नव्हे.

'बेस' हा शब्द याच वाटेने बदलला. इंग्रजीत खालच्या स्वराचा वाचक शब्द आणि पायाचा वाचक शब्द यांचा उच्चार एकच असल्याने मराठीत दोहोंची सरमिसळ आधीच झाली होती. 'गाण्याला बेस पाहिजे' या वाक्यात कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे बोलणाऱ्यालाही सांगता येणार नाही. ऑर्केस्ट्राच्या काळात 'बेस' म्हणजे माणूस होता : 'बेस आला का?' टेपरेकॉर्डरच्या काळात तो एक खुंटी झाला, जी उजवीकडे फिरवावयाची. आता तो छातीवर बसणारा दाब आहे. माणूस, खुंटी, दाब. शब्द तोच राहिला आणि त्यातून स्वर गळाला.

कायद्याचीही येथे एक गंमत आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये झाले. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकावरील बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिक्कामोर्तब केले. परंतु हे मोजमाप ज्या 'ए' श्रेणीने घ्यावयाचे, ती श्रेणी मानवी कानाच्या मंद आवाजातील संवेदनेवर बेतलेली असल्याने खालच्या स्वरांना फारच कमी लेखते. सेकंदाला ६३ आवर्तनांचा आवाज ती प्रत्यक्षाहून सुमारे २६ डेसिबल कमी दाखविते. खिडकीची तावदाने ज्याने थरथरतात तोच भाग मोजणीतून निसटतो. तावदानांमागे झोपलेल्या आजाऱ्याची तक्रार आणि यंत्रावरचा आकडा यांचा मेळ बसत नाही, याचे एक कारण हे आहे.

अलीकडच्या वर्षांत राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचे, मूळ वाद्यरचनेबरहुकूम सादर केलेले कार्यक्रम पुण्या-मुंबईबाहेरही होऊ लागले आहेत, आणि त्यांत बेस गिटारवाल्यावाचून भागत नाही. आयात खुली झाल्याने वाद्येही मिळतात. १९८० नंतर जगभर प्रचारात आलेली पाच तारांची बेस आता या वादकांच्या हाती अनेकदा दिसते. तिची पाचवी, सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ३१ आवर्तनांची, म्हणजे पांढरी सातची आहे. तिच्या दुसऱ्या पडद्यावर काळी एकचा तो षड्ज सापडतो, जो चार तारांच्या वाद्यावर नव्हता. गायकाच्या षड्जाखाली बरोबर दोन सप्तके.